पक्षाघातानंतरचा व्यायाम : प्रस्तावना

अंगावरून वारे गेल्याची वार्ता घरात फुटते त्या घटकेपासून पुढचे काही दिवस त्या कुटुंबाचे सारे चित्त माणूस वाचतो की नाही ह्या एकाच विवंचनेत गुंतलेले असते; वाहनाची तजवीज, मेंदूचा स्कॅन, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या मुदतीत मिळेल की नाही ह्याची धाकधूक, अतिदक्षता विभागाबाहेरचे जागरण आणि आप्तेष्टांची रीघ ह्यांतून पुढल्या वर्षाचा विचार करण्यास कोणालाही उसंत नसते. मग आठा-पंधरा दिवसांनी रुग्णाला घरी सोडल्याचा कागद हाती पडतो. त्यावर रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या आणि बहुधा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या वेळांसह तपशीलवार लिहिलेल्या असतात, आणि अगदी तळाशी, सहीच्या वर, ‘फिजिओथेरपी चालू ठेवणे’ एवढी एक ओळ असते. गोळ्या नेमाने दिल्या जातात, कारण त्या कशा द्यायच्या हे कागदावर आहे. तळच्या ओळीचे काय करायचे हे मात्र पुष्कळदा कोणी सांगितलेलेच नसते. प्रस्तुत पुस्तक हा त्या एका ओळीचा विस्तार आहे, आणि तो इतक्या सविस्तरपणे मराठीत व्हावा ही गरज दीर्घकाळची होती असे मला मनापासून वाटते.

पक्षाघातात नेमके काय बिघडते हे समजल्यावाचून व्यायामाचे मर्म समजत नाही. बहुतेक पक्षाघात मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून होतात, उरलेले वाहिनी फुटून रक्तस्राव झाल्याने. परंतु कारण कोणतेही असो, हातापायांच्या स्नायूंत किंवा सांध्यांत आरंभी कसलाच दोष उत्पन्न झालेला नसतो, दोष असतो तो त्यांना चालना देणाऱ्या मेंदूतील पेशींत आणि तेथून निघणाऱ्या तंतूंत. हे तंतू लंबमज्जेत बहुतांशी एका बाजूकडून दुसरीकडे जातात, म्हणून मेंदूची डावी बाजू दुखावली की उजवे अंग लुळे पडते, आणि डाव्या बाजूसच बहुधा वाणीचे केंद्र असल्याने अशा रुग्णाची वाचाही अनेकदा जाते. उजवा मेंदू दुखावलेल्या रुग्णाची स्थिती निराळी आणि अधिक फसवी असते. तो नीट बोलतो, म्हणून घरच्यांना तो बरा वाटतो. पण डावीकडचे जगच त्याच्या लेखी नाहीसे झालेले असते, ताटातील डाव्या बाजूची भाजी तशीच राहते, दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आदळतो, आणि आपला डावा हात लोंबतो आहे ह्याची त्याला खंतही नसते. अशा माणसाला हट्टी किंवा बेफिकीर ठरवून त्याच्यावर रागावणारी माणसे वाईट नसतात. त्यांना हे कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

मेंदूच्या मधल्या धमनीत गुठळी अडकण्याचे प्रमाण सर्वांत अधिक, आणि त्या धमनीच्या अमलाखालचा प्रदेश चेहरा व हात ह्यांचा. पायाचा भाग पुष्कळसा तिच्या कक्षेबाहेर राहतो. म्हणूनच पाय आधी सुधारतो आणि हात मागे राहतो. माणूस काठी टेकत का होईना, अंगणात फिरू लागला की घराला कार्यभाग साधल्यासारखे वाटते, पाहुणे तसे बोलूनही दाखवतात, आणि नेमक्या त्याच सुमारास, ज्या हाताला खरी गरज असते त्याच्याकडे सर्वांचे, आणि हळूहळू रुग्णाचेही, दुर्लक्ष होऊ लागते.

आपल्या प्राचीनांनी ह्या व्याधीचा विचार केला नव्हता असे नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात केवळ वाताने झालेला पक्षाघात अत्यंत कष्टसाध्य, अन्य दोषाच्या संसर्गाने झालेला साध्य आणि क्षयाने झालेला असाध्य, असे तारतम्य केलेले आहे. म्हणजे सगळेच रुग्ण एकसारखे सुधारत नाहीत हे निरीक्षण फार जुने आहे. सुधारणेचा क्रम कसा असतो हे मात्र काटेकोरपणे नोंदले गेले ते गेल्या शतकात. ट्विचेल ह्या अमेरिकन वैद्याने १९५१ साली आपल्या रुग्णांच्या प्रगतीचा जो आलेख प्रसिद्ध केला, आणि सिग्ने ब्रुन्स्ट्रॉम ह्या स्वीडनमध्ये जन्मलेल्या विदुषीने १९७० सालच्या आपल्या ग्रंथात ज्या अवस्था विशद केल्या, त्यांवरून असे दिसून आले की आधी अंग सैल, निर्जीवसे असते. मग त्यात ताठरपणा येतो. त्यानंतरची पहिली ऐच्छिक हालचाल एकेका सांध्याची होत नाही, तर हात उचलावयास जावे तो कोपर, मनगट, बोटे सारी एकदमच आखडतात. आणि पुढे, सुधारणा चालू राहिली तर, हा एकत्र आखडण्याचा बंध सुटत जाऊन बोट वेगळे, मनगट वेगळे हलू लागते. सगळे रुग्ण शेवटच्या अवस्थेपर्यंत पोहोचत नाहीत. तरीही ज्या दिवशी हात ताठ होऊ लागला त्या दिवशी रोग वाढला असे समजून घाबरणाऱ्या कुटुंबाला हा क्रम ठाऊक असणे किती दिलासा देणारे आहे, हे ज्यांनी असे घर पाहिले आहे तेच जाणतात.

पहिल्या काही आठवड्यांतील सुधारणा पुष्कळशी आपोआप होते. मेंदूची सूज ओसरते, ज्या पेशी मेल्या नव्हत्या पण स्तब्ध झाल्या होत्या त्या पुन्हा कामास लागतात. कोपनहेगन येथे झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चालण्यातील शक्य ती प्रगती बहुतेक रुग्णांनी पहिल्या ११ आठवड्यांत गाठलेली आढळली. पण येथेच प्रश्न उत्पन्न होतो : निसर्ग आपले काम करीत असता मनुष्याने काय करावे? मेलेली पेशी परत येत नाही, हे तर निर्विवाद. मग व्यायाम कोणासाठी?

ह्याचे उत्तर अमेरिकेतील रँडॉल्फ नुडो ह्यांनी माकडांवर केलेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मिळते. माकडाच्या मेंदूतील हाताच्या क्षेत्राचा लहानसा भाग रक्तपुरवठा तोडून नष्ट केला आणि माकडाला तसेच सोडून दिले, तर त्या भागाच्या शेजारची, मुळीच न दुखावलेली हाताची जागाही काही काळाने आकसत गेली. परंतु ज्या माकडांकडून त्याच हाताने लहान खोबणीतून खाद्याचे कण उचलण्याचा सराव रोज करवून घेतला, त्यांच्या मेंदूतील उरलेली जागा टिकून राहिली, आणि काहींत तर ती कोपर-खांद्याच्या क्षेत्रात पसरलीही. म्हणजे न वापरल्याने वाचलेलेही जाते, आणि वापरल्याने शेजारचा प्रदेश नवे काम पत्करतो. एडवर्ड टाऊब ह्यांनी तत्पूर्वीच दाखवून दिले होते की दुखावलेला हात वापरण्याचा प्रयत्न आरंभी पुनःपुन्हा फसला की प्राणी तो न वापरण्यास शिकतो, आणि पुढे मेंदूची क्षमता परतली तरी ती शिकलेली सवय परतीच्या वाटेवर आडवी येते. त्यांच्या प्रयोगशाळेतील माकडांच्या अवस्थेवरून १९८१ साली अमेरिकेत खटला उभा राहिला आणि त्याची मोठी चर्चा झाली. मुक्या प्राण्यांच्या त्या यातनांचे स्मरण ठेवूनच त्या ज्ञानाचा उपयोग आपण केला पाहिजे. त्यातून निघालेली उपचारपद्धती अशी, की जागेपणीच्या बहुतेक काळ चांगल्या हातावर जाड हातमोजा चढवायचा आणि दुखावलेल्या हाताकडूनच तासन्‌तास कामे करवून घ्यायची. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पक्षाघातानंतर ३ ते ९ महिने लोटलेले २२२ रुग्ण होते; अवघ्या दोन आठवड्यांच्या अशा सरावाचा लाभ वर्षानंतरही टिकलेला दिसला. ही पद्धती सर्वांसाठी नाही. मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता येत असतील त्यांच्यासाठीच ती आहे, आणि चांगला हात बांधला की तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, म्हणून ती जाणकाराच्या देखरेखीशिवाय करू नये.

ह्या सर्वांतून माझ्या मते जो निष्कर्ष निघतो तो असा, की पक्षाघातानंतरचा व्यायाम म्हणजे अशक्त स्नायूला बळ देणे नव्हे, तर विद्याभ्यास आहे. पाटीवर मुळाक्षर गिरवणाऱ्या बालकाला जसे एकच अक्षर शेकडो वेळा, दर वेळी किंचित अधिक चांगले वळण साधीत, लिहावे लागते, तसेच येथेही हेतुपूर्वक, लक्ष देऊन, थोड्या कठीण पातळीवर केलेली पुनरावृत्ती हेच औषध आहे. आणि औषध म्हटले की त्याची मात्रा आलीच. अमेरिका व कॅनडा येथील भौतिकोपचाराच्या सत्रांत हाताच्या उपयुक्त हालचाली प्रत्यक्ष किती वेळा होतात ह्याची मोजणी २००९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा सरासरी निघाली एका सत्राला ३२; प्राण्यांवरील प्रयोगांत मेंदूत बदल घडवण्यास मात्र दिवसाला शेकडो आवृत्त्या लागल्या होत्या. जेथे साधनांची वाण नाही तेथली ही हकीकत. आपल्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा, अर्धा-पाऊण तास येणारा फिजिओ कितीही निष्णात असला तरी हा जमाखर्च जुळणार कसा? उरलेल्या तासांत, तो नसताना, जे घडते किंवा घडत नाही, त्यावरच बरेचसे अवलंबून राहते.

मात्रा म्हणताच अतिरेकाचा विचारही केला पाहिजे. पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत रुग्णाला वारंवार आणि दीर्घकाळ उठवून उभे करण्याची चाचणी अनेक देशांतील २१०४ रुग्णांवर झाली. तिचे २०१५ साली प्रसिद्ध झालेले फळ अपेक्षेच्या उलट होते, तीन महिन्यांनी ह्या रुग्णांची स्थिती नेहमीच्या पद्धतीने उठवलेल्या रुग्णांपेक्षा किंचित वाईटच आढळली. पहिल्या दिवसांत थोडे थोडे, पुन्हा पुन्हा, आणि डॉक्टरांच्या संमतीने. जोर वाढवायचा तो नंतर.

आता मी ज्या विषयाकडे येतो तो वैद्यकाचा कमी आणि आपल्या कुटुंबव्यवस्थेचा अधिक आहे. वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळले की मराठी घर जिवाचे रान करते. सून घास भरवते, मुलगा काखेत हात घालून उठवतो, नातू चप्पल पायात सरकवतो, आणि जो कोणी ह्यात मागे राहील त्याला शेजारीपाजारी नावे ठेवतात. ह्या सेवेत प्रेम आहे, कर्तव्यबुद्धी आहे, आणि तिच्याविषयी अनादराचा एक शब्दही मला लिहावयाचा नाही. तरीही सांगणे भाग आहे की आजोबांच्या सदऱ्याची गुंडी लावण्यास त्यांना दहा मिनिटे लागत असतील आणि सून ती अर्ध्या मिनिटात लावीत असेल, तर त्या प्रत्येक अर्ध्या मिनिटाने त्यांची दहा मिनिटांची तालीम हिरावून घेतली जाते. घास तोंडापर्यंत जाताना सांडतो, सांडू द्यावा. पेला नेण्यास वेळ लागतो, लागू द्यावा. जेथे पडण्याची, पोळण्याची किंवा ठसका लागून अन्न श्वासमार्गात जाण्याची भीती असेल तेथे हात पुढे करावा, अन्यत्र आवरावा. हे आवरणे सेवा करण्याहून कठीण असते, कारण ते करणारा मनुष्य पाहणाऱ्याच्या दृष्टीने निष्ठुर दिसतो.

पाश्चात्त्य पुस्तकांतील व्यायाम खुर्ची, पलंग आणि जिना ह्यांच्याभोवती रचलेले असतात. प्रस्तुत पुस्तकाच्या लेखिकेने मात्र आपली घरे पाहिली आहेत, आणि हाच ह्या पुस्तकाचा सर्वांत मोठा गुण आहे असे मी मानतो. आपला माणूस जमिनीवर बसतो, पाटावर जेवतो, उकिडवा बसून शौचास जातो, उंबरठा ओलांडून देवघरात शिरतो. ‘चालता येते’ असा दाखला मिळालेला रुग्ण जमिनीवरून उठू शकत नसेल तर तो आपल्या घरात परका होऊन बसतो. म्हणून जमिनीवरून उठण्यासाठी आधी कुशीवर वळणे, मग कोपरावर येणे, मग गुडघ्यांवर, मग भक्कम स्टुलाचा आधार घेऊन चांगला पाय पुढे टाकून उभे राहणे, अशा पायऱ्या येथे एकेक करून दिल्या आहेत. हाताच्या व्यायामांची निवडही तशीच. शेंगा सोलणे, तांदूळ निवडणे, कणीक मळणे, दोन्ही हातांनी लाटणे धरून पोळी लाटणे, पत्ते वाटणे, जपमाळेचा एकेक मणी ओढणे, आणि कापसाच्या वाती वळणे. ह्या शेवटच्या कामात अंगठा व बोटे ह्यांचा किती नाजूक मेळ साधावा लागतो हे आमच्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नाही. शेतकऱ्याला खुरप्याची मूठ आणि कासऱ्याची पकड परत हवी असते, शिंप्याला कात्री, कारकुनाला लेखणी. ज्या कामात जीव रमतो त्याची पुनरावृत्ती दीर्घकाळ होते, निर्हेतुक व्यायामाचा मात्र आठ दिवसांत कंटाळा येतो. पक्षाघातानंतर साधारण एक-तृतीयांश रुग्णांना विषण्णता ग्रासते, आणि विषण्ण मनुष्य कोणताच व्यायाम करीत नाही. तो आळशी झाला असे म्हणण्यापूर्वी डॉक्टरांशी त्याबद्दल बोलावे, कारण त्यावर इलाज आहे.

काही घातक प्रथांचा येथे स्पष्ट निषेध केलेला आहे आणि मी त्यास पूर्ण सहमत आहे. कबुतराच्या रक्ताने अंग चोळणे ह्याने काहीही साधत नाही. एका जिवाची हत्या होते आणि अमोल काळ वाया जातो. तेलाचे हलके मालीश सुखद असते, त्यास कोणाची हरकत नसावी, पण मालीश करवून घेणे म्हणजे व्यायाम नव्हे, कारण त्यात रुग्णाचा मेंदू काहीच करीत नाही. संवेदना गेलेल्या हातावर गरम पाण्याची पिशवी ठेवल्यास त्वचा भाजते आणि रुग्णाला कळतही नाही. खिडकीच्या गजाला दोरी व कप्पी लावून चांगल्या हाताने लुळा हात वर ओढण्याचा प्रकार घरोघरी दिसतो, आणि त्याइतके खांद्याचे नुकसान क्वचितच दुसरे काही करीत असेल. स्नायू सैल पडलेल्या खांद्यात हाडाचा गोळा खोबणीतून खाली उतरलेला असतो, तो तसाच वर ओढला की आतील मऊ भाग चेंगरतात आणि मग महिनोन्‌महिने टिकणारी वेदना जडते. काखेत हात घालून किंवा दंड धरून उठवण्यानेही तेच होते. रुग्णाला कमरेशी धरावे, हाताला धरून ओढू नये, एवढा एक नियम घरातील प्रत्येकाने, मोलकरणीपासून पाहुण्यापर्यंत, पाळला तरी पुष्कळ दुःख टळेल.

घरच्यांनीच सर्व करावे, तज्ज्ञांची गरज नाही, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. ह्याच प्रश्नाची परीक्षा आपल्याच देशात झाली आहे : भारतातील १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांवर केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन घरी व्यायाम करवून घेण्यास सांगितले, तर सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन ह्यांचे प्रमाण ह्या गटात आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात सारखेच, ४७ टक्के, राहिले. हा निष्कर्ष निराशाजनक वाटला तरी मला तो मोलाचा वाटतो. थोडेसे शिकवून कुटुंबावर सारा भार सोपवला की काम भागते, ही समजूत त्याने मोडली. कुटुंबाची साथ हवी, पण तिच्या पाठीशी वारंवार येऊन व्यायाम तपासणारा, तो वाढवणारा, चुकलेली हालचाल ओळखणारा भौतिकोपचारतज्ज्ञही हवा.

त्याबाबतीत मुंबईचा इतिहास अभिमानास्पद आहे. पोलिओच्या साथीने जेरीस आलेल्या त्या शहरात, परळच्या केईएम रुग्णालयात, १९५० च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले, आणि १९५५ साली हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. ज्या प्रांतात ह्या विद्येने देशात प्रथम मूळ धरले, त्याच प्रांतातील तालुक्याच्या गावी लकव्याचा रुग्ण एसटीने दोन तास प्रवास केल्यावाचून तिचा लाभ घेऊ शकत नसेल, तर ती सरकारची कसूर आहे. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात भौतिकोपचारतज्ज्ञाचे पद असावे, ते भरलेले असावे, आणि घरभेटींसाठी त्याला वाहन असावे, ही मागणी अवास्तव नाही.

‘सहा महिन्यांनंतर काही होत नाही’ असे अनेकांना सांगितले जाते. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो हे खरे; पण वेग मंदावणे आणि थांबणे ह्यांत फरक आहे. न्यूयॉर्कमधील अध्यापक पेद्रो बाक-ई-रिता ह्यांना पासष्टीच्या सुमारास पक्षाघात झाला. त्यांच्या मुलाने त्यांना लहान मुलासारखे आधी रांगायला, मग चालायला लावले, भांडी घासण्यासारखी रोजची कामे करवली, आणि ते पुन्हा शिकवू लागले. पुढे काही वर्षांनी ते डोंगर चढत असता हृदयविकाराने वारले, तेव्हा शवविच्छेदनात मेंदूतून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या तंतूंचा प्रचंड नाश झालेला आढळला, आणि तो कधीच भरून आलेला नव्हता. त्यांचे दुसरे पुत्र पॉल हे मेंदूच्या अभ्यासक्षेत्रात पुढे विख्यात झाले. प्रत्येकाच्या वाट्याला पेद्रोंसारखे यश येत नाही, आणि तसे वचन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. लुई पाश्चर ह्यांना १८६८ साली, वयाच्या ४५ व्या वर्षी डाव्या अंगाचा पक्षाघात झाला; ते अंग पूर्ण कधीच सुधारले नाही, तरी अलर्करोगावरील लस त्यानंतर सतरा वर्षांनी त्यांनी दिली.

वाचकाला शेवटी एवढेच सांगावयाचे, की ज्यांच्या घरी रुग्ण नुकताच परत आला आहे त्यांनी हे पुस्तक पहिल्या पानापासून क्रमाने वाचीत बसू नये. आधी खांद्याचे प्रकरण वाचावे, मग अंथरुणात निजवण्याच्या रीतीचे, कारण ह्या दोन बाबतींत झालेली हयगय नंतर भरून काढणे अवघड असते. रक्तदाब रोज मोजून लिहून ठेवावा, छातीत दुखल्यास किंवा चक्कर आल्यास व्यायाम तेथेच थांबवावा, आणि प्रत्येक नवा व्यायाम तज्ज्ञाला एकदा करून दाखवल्यावाचून सुरू करू नये.